त्या खिडक्या नव्हेत

आमच्या देवरीतून राष्ट्रीय महामार्ग ५३ जातो. नागपूरकडून आलेले ट्रक इथल्या धाब्यांवर थांबतात आणि चहापाणी करून रायपूरकडे निघून जातात. समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब. अशा गावात नववीतल्या मुलाने विज्ञान प्रदर्शनासाठी पाणबुडी करायला घेतली, तेव्हा आम्हाला आधी हसूच आले. मुलगा आमचा सख्खा भाचा. त्याचे अब्बू, म्हणजे आमचे दूल्हाभाई, ट्रक चालवतात. महिन्यातले वीस-बावीस दिवस ते रस्त्यावरच असतात.

एकदा माल घेऊन ते विशाखापट्टणमला गेले होते. तिथे रामकृष्ण बीचवर ‘आयएनएस कुरसुरा’ ही खरीखुरी पाणबुडी किनाऱ्यावर आणून ठेवली आहे. सोव्हिएत बनावटीची ही पाणबुडी १८ डिसेंबर १९६९ रोजी आपल्या नौदलात दाखल झाली, १९७१ च्या युद्धात तिने गस्त घातली आणि २७ फेब्रुवारी २००१ रोजी ती निवृत्त झाली. २००२ पासून तिचे संग्रहालय झाले. तिकीट काढून आत जाता येते. दूल्हाभाई आत जाऊन आले आणि लांबून काढलेला एक फोटो त्यांनी घरी पाठवला. त्या एका फोटोवरून हे सगळे सुरू झाले.

आम्ही भाषेचे शिक्षक, मापाचे गणित भाच्यानेच आम्हाला समजावले. कुरसुराची लांबी ९१.३ मीटर, रुंदी ७.५ मीटर. शंभरास एक हे प्रमाण धरले तर मॉडेल ९१.३ सेंटीमीटर लांब आणि ७.५ सेंटीमीटर रुंद. ‘मामू, पंचाहत्तर मिलिमीटरचा पाइप नळवाल्याकडे मिळतोच की!’ एका नवीन घराच्या कामावर उरलेला तुकडा त्याने मागून आणला. दोन्ही टोकांना लाकूड तासून बसवले, काळा रंग दिला आणि दोन्ही बाजूंनी पिवळ्या रंगाच्या छोट्या चौकटींची रांग काढली. आगगाडीच्या डब्याला असतात तशा खिडक्या. आम्ही पाठ थोपटली. प्रदर्शनाला तीन आठवडे होते, म्हणजे काम वेळेआधी संपले होते.

रात्री त्याने मॉडेलचा फोटो अब्बूंना पाठवला. थोड्या वेळाने फोन आला. ‘बेटा, बहुत अच्छी बनी है. लेकिन मैं अंदर गया था ना, अंदर से तो एक भी खिड़की नहीं दिखी.’

घरात शांतता पसरली. भाच्याने पहिला फोटो मोठा करून पाहिला. बाजूला ओळीने काही काळे ठिपके होते खरे. मग ते काय असावे? दुसऱ्या दिवशी आम्ही शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना विचारले. त्यांनी फळ्यावर आकृती काढून सांगितले, ते असे. अशा पाणबुडीला दोन कवच असतात. माणसे राहतात ते आतले, जाड आणि दाब सोसणारे. त्याच्या बाहेर पातळ पत्र्याचे दुसरे. पाणबुडी बुडते तेव्हा बाहेरच्या कवचाखालच्या मोकळ्या जागेत पाणी शिरले पाहिजे आणि तिथली हवा निघून गेली पाहिजे. वर येताना तेच पाणी वाहून गेले पाहिजे. त्यासाठी ती भोके. आणि काचेच्या खिडक्या कशा असतील? १०० मीटर खोलीवर दर चौरस सेंटीमीटरवर सुमारे १० किलो वजनाइतका पाण्याचा दाब असतो. कुरसुराला खिडक्या आहेत त्या फक्त वरच्या उंच मनोऱ्याच्या पुढच्या भागात. पाणबुडी पाण्यावर तरंगत चालते तेव्हा तिथे उभे राहून पुढचे बघण्यासाठी. बुडताना तिथली माणसे खाली उतरतात आणि ती जागाही पाण्याने भरते.

म्हणजे आमच्या पाणबुडीला प्रवासी गाडीच्या खिडक्या होत्या आणि बुडण्यासाठी लागणारी भोके नव्हती. ती कधी बुडलीच नसती!

इथे आमची चूक कबूल करतो. आम्ही भाच्याला म्हणालो, ‘पिवळ्यावर काळा रंग मार, झाली भोके. बघणारे काय मोजत बसणार आहेत?’ वीस वर्षे मुलांच्या वह्या तपासणारे आम्ही, आणि आमच्याच तोंडून हे वाक्य गेले. भाचा उलट बोलला नाही. त्याने फक्त वहीचे पान फाडले आणि अब्बूंसाठी यादी लिहिली: मागचे पंखे किती, भोकांच्या ओळी किती, कठडा कुठून कुठपर्यंत, मनोऱ्यावर काय काय.

दहा दिवसांनी दूल्हाभाईंची पुन्हा त्या बाजूला फेरी झाली. गाडी रिकामी होईपर्यंतच्या वेळात त्यांनी बीच गाठला आणि त्रेचाळीस फोटो काढले. शिकलेल्या माणसाला सुचले नसते अशी एक गोष्ट त्यांनी केली. प्रत्येक महत्त्वाच्या जागी क्लीनरला शेजारी उभे केले. भाच्याने पहिला प्रश्न विचारला, ‘अब्बू, भैया की ऊंचाई कितनी है?’ क्लीनर साडेपाच फूट, म्हणजे मॉडेलवर सुमारे १.७ सेंटीमीटर. आता फोटोतली प्रत्येक वस्तू मोजता येऊ लागली.

मग खरे काम सुरू झाले. मागे एकच पंखा बसवला होता, तिथे तीन हवे होते. पाणतीर सोडायच्या नळ्या पुढे सहा, आणि मागेही चार असतात हे आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हते. त्यांचे तोंड ५३ सेंटीमीटरचे, म्हणजे मॉडेलवर जेमतेम पाच मिलिमीटर. कठडा काडेपेटीच्या काड्यांचा होता. काडी दोन मिलिमीटर जाड. शंभरपट केली की वीस सेंटीमीटर, म्हणजे विजेच्या खांबाएवढा कठडा! त्या जागी विजेच्या वायरमधली तांब्याची एकेक तार आली. पत्र्यांचे सांधे दाखवायला त्याने पाइपवर रेघा कोरल्या होत्या. एक मिलिमीटरची चीर म्हणजे खऱ्या पाणबुडीवर दहा सेंटीमीटरची फट. त्या त्याने लांबी भरून बुजवल्या आणि टोकदार पेन्सिलीने पुसट रेघ ओढली. भोके आधी गरम सुईने पाडली, तर कडा फुगल्या. मग ओळखीच्या सुताराकडून हातड्रिल आणि सगळ्यात बारीक पाते आणले. एकेक फोटो समोर ठेवून, मोजून, भोके पाडली. दोनदा पाते मोडले.

खालची बाजू मात्र त्याने कोरी ठेवली. पाणबुडी चौथऱ्यावर असल्याने तिचे पोट फोटोत आले नव्हते. आम्ही म्हणालो, ‘बाकीच्यासारखेच असेल, ओढ रेघा.’ तो म्हणाला, ‘मामू, जे पाहिलं नाही ते कसं करू?’ या वेळी आम्ही गप्प बसलो.

प्रदर्शनात बक्षीस मिळाले नाही. परीक्षकांनी ‘यात दिवे लागतात का?’ एवढेच विचारले आणि ते पुढे गेले. भाचा दोन दिवस हिरमुसला, हे लपवत नाही. पण तिसऱ्या दिवशी आपा म्हणाल्या ते आमच्या मनात राहिले. ‘भाई, आधी बापलेकांचा फोन एका मिनिटात संपायचा. “पढ़ाई ठीक?” “ठीक.” बस्स. आता अर्धा-अर्धा तास बोलतात. पोराला वाटायचं, अब्बू फक्त गाडी चालवतात. आता म्हणतो, अब्बूंनी जे पाहिलं ते आपल्या घरात कोणीच पाहिलं नाही.’

पालकांना आम्ही एवढेच सांगू. मुलांचे प्रकल्प तुम्ही स्वतः करू नका, बाजारातून तयार आणू नका, आणि ‘कोण बघतंय’ हे वाक्य त्यांच्या कानावर घालू नका. ज्याची नक्कल करतो, त्याची ती अमानत असते. पाहिलेले नीट दाखवावे, न पाहिलेले कोरे ठेवावे. हे पाइपच्या तुकड्यावर शिकलेले मूल उद्या साक्ष देताना, हिशेब लिहिताना, कुणाविषयी ऐकीव गोष्ट पुढे सांगताना थबकेल. आणि घरातला जो माणूस कमी शिकलेला म्हणून आपण बाजूला ठेवतो, त्यालाही एक प्रश्न विचारून बघा. त्याने जग पाहिलेले असू शकते.

भाच्याने आता नवे काम काढले आहे. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली ‘आयएनएस खांदेरी’. २८ सप्टेंबर २०१९ रोजी ती नौदलात आली. नाव अलिबागजवळच्या खांदेरी जलदुर्गाचे. लांबी ६७.५ मीटर, म्हणून ६३ मिलिमीटरचा पाइप तो शोधतो आहे. आम्ही मुद्दाम विचारले, ‘तिचा पंखा कसा करणार? पंख्याच्या आकारावरून तिचा आवाज कसा असेल याचा अंदाज बांधता येतो, म्हणून नौदले तो सहसा कुणाला दाखवत नाहीत. कितीतरी देशांत पाणबुडी गोदीबाहेर काढताना त्यावर कापड टाकतात.’

भाच्याने क्षणभर विचार केला. ‘मग मी पण कापडच टाकतो, मामू.’