घडलेले आणि वठविलेले

जळगावहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, जामनेर तालुक्यात, वाघूर नदीच्या काठी पहूर हे गाव वसले आहे. अजिंठ्याची लेणी पाहण्यास निघालेल्या प्रवाशांच्या गाड्या दिवसभर या गावातून जातात आणि थांबल्याच तर चहापुरत्या थांबतात. एके काळी अशी स्थिती नव्हती. पाचोरा ते जामनेर या नॅरोगेज रेल्वेवरील पहूर हे एक स्थानक. मोटारींची रहदारी वाढण्यापूर्वी लेण्यांचा प्रवासी येथे उतरून फर्दापूरची वाट धरीत असे. ती गाडी २०२० मध्ये थांबली. गाव मात्र आजही लेण्यांच्या उंबरठ्यावरच आहे. म्हणूनच पर्यटनाला अलीकडे जे नवे वळण लागले आहे, त्याचा विचार पहूरसारख्या गावांनी वेळीच करणे अगत्याचे आहे.

हे वळण असे, की पूर्वी प्रवासी पुस्तकात वाचलेले स्थळ पाहण्यास जात. आता ते पडद्यावर पाहिलेले स्थळ पाहण्यास जातात. ‘रात्रीस खेळ चाले’ ही दूरचित्रवाणी मालिका २०१६ मध्ये सुरू झाली आणि सावंतवाडीजवळच्या आकेरी गावातील तिचा वाडा पाहण्यासाठी कोकणात जाणारे लोक वाट वाकडी करू लागले. कोल्हापूरजवळच्या वसगडे गावातील वाड्याला ‘तुझ्यात जीव रंगला’ या मालिकेने अशीच प्रसिद्धी मिळवून दिली. वाईजवळ मेणवली येथे नाना फडणवीसांचा वाडा आणि कृष्णेचा घाट आहे. तेथे येणाऱ्यांपैकी अनेकांच्या मनात पेशवाईपेक्षा ‘स्वदेस’ हा २००४ मधील चित्रपट अधिक ताजा असतो. सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत किल्ला, देऊळ आणि चित्रीकरणाचे ठिकाण ही तिन्ही आता शेजारी शेजारी बसू लागली आहेत.

या हौसेला नाके मुरडण्याचे कारण नाही. कल्पित कथेच्या ओढीने घराबाहेर पडणारा माणूस अडाणी असतो, असे समजणे हा सुशिक्षितांचा अहंकार होय. अजिंठ्याच्या भिंती तरी काय सांगतात? त्यांवरील बरीच चित्रे जातककथांची आहेत. राजे, हत्ती, वानर, व्यापारी आणि बुडणारी जहाजे यांच्या त्या रसाळ कथा चितारणाऱ्यांना, कथेच्या आधाराने माणूस विचारापर्यंत पोहोचतो, हे पक्के ठाऊक होते. तेव्हा आक्षेप कथेवर नाही. आक्षेप आहे तो कथा आणि वृत्तांत यांच्यातील सीमारेषा पुसून टाकण्यावर. आणि ही रेषा राखण्याची पहिली जबाबदारी स्थळ दाखविणाऱ्या मार्गदर्शकावर येते.

ती राखली नाही म्हणजे काय होते, याची उदाहरणे जगात विपुल आहेत. इटलीतील वेरोना शहरात ज्यूलिएटचे घर दाखविले जाते. ज्यूलिएट ही शेक्सपिअरच्या नाटकातील नायिका. ज्या सज्जाखाली प्रवासी छायाचित्रे काढतात, तो सज्जा त्या जुन्या घराला विसाव्या शतकात जोडण्यात आला. क्रोएशियातील दुब्रोव्हनिकची गोष्ट याहून बोलकी आहे. १६६७ च्या भीषण भूकंपातून हे तटबंदीचे बंदर पुन्हा उभे राहिले. १९७९ मध्ये त्याला जागतिक वारशाचा मान मिळाला आणि १९९१ च्या युद्धात त्याच्यावर तोफगोळे पडले. पुढे ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या मालिकेचे चित्रीकरण तेथे झाले आणि तिच्या पाऊलखुणा दाखविणाऱ्या सहली निघाल्या. जेझुइटांच्या चर्चकडे जाणारा अठराव्या शतकातील सुंदर जिना आता अनेकांना मालिकेतील एका राणीच्या धिंडीमुळेच ओळखीचा वाटतो. गर्दी इतकी झाली, की बंदरात येणाऱ्या प्रवासी जहाजांवर नगरपालिकेला मर्यादा घालावी लागली. शहराला पैसा मिळाला, हे खरे. परंतु स्वतःच्या आठवणींपेक्षा उसनी आठवण मोठी होऊन बसली.

हा धोका पहूरपासून दूर नाही. अजिंठ्याच्या परिसरात रॉबर्ट गिल आणि पारो यांची कथा घरोघरी सांगितली जाते. गिल हा मद्रासच्या लष्करातील अधिकारी. लेण्यांतील चित्रांच्या प्रतिकृती करण्याच्या कामावर १८४४ मध्ये त्याची नेमणूक झाली आणि अजिंठा गावातील बारादरीत त्याने मुक्काम ठोकला. पारो ही तेथील स्त्री. १८५६ च्या मे महिन्यात ती वारली आणि गिलने तिच्या थडग्यावर आपल्या प्रेमाचा उल्लेख कोरून ठेवला. पारोविषयी लेखी पुरावा म्हणून जे हाती आहे, ते मुख्यत्वे त्या दगडावरील चार शब्द. लेण्यांच्या कुशीतील पळसखेड्याचे कवी ना. धों. महानोर यांनी या चार शब्दांतून ‘अजिंठा’ हे दीर्घकाव्य उभे केले. त्याच्या आधारे नितीन चंद्रकांत देसाई यांनी २०१२ मध्ये चित्रपट काढला. कवीने कल्पना करावी, दिग्दर्शकाने ती रंगवावी, यात वावगे काहीच नाही. तो त्यांचा अधिकारच आहे. परंतु पारोचे बोलणे, तिचे रूप आणि दोघांची पहिली भेट हे सारे पडद्यावरून उचलून, जणू दप्तरात नोंदलेले आहे अशा थाटात प्रवाशांना सांगणे, हा मार्गदर्शकाचा अधिकार नव्हे. त्याने पारोचा मान वाढत नाही. जिच्याविषयी इतिहासाने इतके कमी लिहिले, तिच्यावर आणखी एक अन्याय मात्र होतो. तिचे मौनही तिच्यापाशी उरत नाही.

यावर असे म्हटले जाते, की प्रवाशाला कोरडी माहिती नको असते. त्याला करमणूक हवी असते. वस्तुतः माहिती कोरडी नसते, सांगणाराची तयारी कोरडी असते. गिलचेच पाहा. वर्षानुवर्षे अपुऱ्या उजेडात बसून त्याने मोठमोठ्या प्रतिकृती रंगविल्या. त्या लंडनला गेल्या आणि सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसला १८६६ मध्ये लागलेल्या आगीत त्यांतील बहुतेक जळून गेल्या. १८७२ पासून मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे भारतीय विद्यार्थी यांनी तेच काम नव्याने हाती घेतले. त्यांच्याही अनेक प्रतिकृती १८८५ मध्ये लंडनमध्येच आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्या. गिल तोवर हयात नव्हता. १८७९ मध्ये त्याचे निधन झाले. त्याची कबर भुसावळला आहे. एका माणसाचे उभे आयुष्य आणि त्यानंतर एका पिढीचे श्रम दोन आगींत जावेत आणि डोंगरातील मूळ भिंत मात्र झिजत का होईना, पण उभी राहावी, याहून हृदयस्पर्शी कथानक कोणता पटकथालेखक देणार आहे? मेणवलीच्या घाटावरही हेच आहे. तेथील देवळात टांगलेली पोर्तुगीज घंटा १७३९ च्या वसईच्या विजयातून आलेली आहे. ती दाखवून तिचा प्रवास सांगितला, तर चित्रपटासाठी आलेला विद्यार्थीही तेथे क्षणभर थबकेल.

मग करावयाचे काय? पहिली गोष्ट, मार्गदर्शकाने प्रत्येक स्थळी तीन वाक्ये वेगवेगळी उच्चारावीत: येथे काय घडले, येथे काय घडले असे लोक सांगतात आणि येथे काय वठविले गेले. तिन्ही सांगण्यास हरकत नाही. एकाचे नाव दुसऱ्याला देऊ नये, इतकेच. दुसरी गोष्ट, चित्रीकरणाचा वाडा हे बहुधा कोणाचे तरी राहते घर असते. मालिका संपते, कलावंत निघून जातात, पण दारात उभे राहणारे अनोळखी लोक घरच्या माणसांच्या वाट्याला उरतात. तेव्हा घरमालकाची संमती, पाहण्याच्या ठरावीक वेळा आणि मिळकतीत घराचा व ग्रामपंचायतीचा वाटा या गोष्टी सहल काढणाऱ्याने आधी ठरविल्या पाहिजेत.

तिसरी गोष्ट पहूरच्या हाताची आहे. येथून निघणारी एका दिवसाची सहल सहज आखता येईल. पहूरचे स्थानक आणि नॅरोगेजची हकिकत, शेंदुर्णीचे त्रिविक्रम मंदिर, महानोरांचे पळसखेडे, घाट चढून अजिंठा गावातील बारादरी आणि पारोचे थडगे आणि अखेरीस लेणी, असा तो क्रम असावा. लेण्यांत पोहोचल्यावर प्रवाशाला सोळाव्या लेण्यातील वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याच्या शिलालेखाची माहिती असावी. दहाव्या लेण्यात जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने १८१९ च्या एप्रिलमध्ये आपले नाव कोरून ठेवले, हेही त्याला कळावे. म्हणजे वारसा शोधणारा हातच त्याला ओरखडा कसा काढतो, हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. लेण्यांच्या आत दाखविण्याचे काम परवानाधारक मार्गदर्शकांचे आहे व ते त्यांच्याकडेच राहावे. वाटेवरची गावे मात्र त्या त्या गावच्या तरुणांनी दाखवावीत. परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास व मराठी विभागांनी अशा तरुणांसाठी सुटीत वर्ग चालविले, तर त्यासाठी फार मोठा निधी लागणार नाही. लागेल ती शिक्षकांची थोडी सवड आणि जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही असे सांगण्याची शिस्त.

उद्या वाघूरच्या काठी एखाद्या मालिकेचे चित्रीकरण होणारच नाही, असे नाही. झाले तर तिचे स्वागतच व्हावे. चार घरांत त्यामुळे चूल अधिक बरी पेटेल. परंतु मालिका आपल्या गावात येण्यापूर्वी गावाला आपली स्वतःची हकिकत नीट सांगता आली पाहिजे. ती ज्यांना येते, त्यांच्या गावात पडद्यावरची कथा पाहुणी म्हणून राहते. ज्यांना येत नाही, त्यांच्या घरात ती मालकीण होऊन बसते.