आडनावाची थट्टा

वर्गात हजेरी चालू असताना 'गाढवे' किंवा 'पोटदुखे' असे आडनाव पुकारले गेले की मागच्या बाकांवरून हसू फुटते. ज्याचे ते आडनाव असते, तो मुलगा मान खाली घालतो. पुढे मोठेपणी अशांपैकी एखादा सरकारी राजपत्रात जाहीर करून आडनावच बदलून घेतो. त्यात त्याचा दोष नाही. दोष हसणाऱ्यांचा आहे. आडनाव कोणी मागून घेत नाही. पूर्वजांना ते पुष्कळदा इतरांनीच चिकटवलेले असते.

पुणेकर, सातारकर, नागपूरकर ही आडनावे किती साधी वाटतात! परंतु पुण्यात सारेच पुण्याचे; तेथे एकट्यालाच पुणेकर म्हणून हाक मारण्याचे कारण काय? ते नाव पडते परगावी. अशा आडनावामागे बहुधा गाव सोडून निघालेला कोणी माणूस असतो. तो दुष्काळामुळे निघाला, की चाकरीसाठी, की व्यापारासाठी, हे आडनाव सांगत नाही. नव्या गावातील लोकांनी मात्र त्याचे जुने गाव त्याच्या नावाशी कायमचे जोडून ठेवले.

कामावरून पडलेली आडनावे तर विपुल आहेत. पाटील गावचा मुख्य. कुलकर्णी गावच्या जमिनीचा व वसुलाचा हिशेब लिहिणारा. 'चिटणीस', 'फडणीस' यांतील 'नीस' म्हणजे फारसीतील 'नवीस', अर्थात लिहिणारा. हुद्दे गेले, नावे राहिली. आज पाटील आडनावाचा गृहस्थ बँकेत कारकून असतो आणि सुतार आडनावाची मुलगी डॉक्टर होते. म्हणून आडनावाचा तोरा मिरवणे हेही त्याला हसण्याइतकेच पोरकटपणाचे होय. आडनाव ऐकताच समोरच्याची जात ताडू पाहणारे लोक अजूनही भेटतात. पाटील व देशमुख ही आडनावे हिंदूंत, जैनांत आणि मुसलमानांतही आढळतात, याचा त्यांना विसर पडलेला असतो.

शिवाय आडनाव अढळ असते, असेही नाही. पेशव्यांचे मूळ आडनाव भट, तर नाना फडणवीसांचे भानू. सातारा जिल्ह्यातील कटगुणचे गोऱ्हे घराणे पुण्यास आले व फुलांचा व्यवसाय करू लागले. पेशव्यांकडेही त्यांची फुले जात. लोक त्यांना फुले म्हणू लागले आणि गोऱ्हे हे नाव मागे पडले. महात्मा जोतीराव फुले (१८२७–१८९०) याच घराण्यातले.