वार परके, ग्रह ओळखीचे



मध्यंतरी अंधेरीला पुतण्याकडे उतरलो होतो. नात स्पॅनिश वार घोकून रडकुंडीला आली होती. "आजोबा, मी हा वर्ग सोडते," म्हणाली. मी म्हटले, "आधी पंचांग आण."

सोमवार चंद्राचा. स्पॅनिशमध्ये चंद्र म्हणजे 'लूना', म्हणून 'लुनेस'. मंगळाचा 'मार्तेस', बुधाचा 'मिएर्कोलेस', गुरूचा 'खुएवेस', शुक्राचा 'बिएर्नेस'. क्रमही आपलाच! शनिवारचा 'साबादो' मात्र यहुदी लोकांच्या विश्रांतीच्या दिवसावरून आला, आणि रविवारचा 'दोमिंगो' म्हणजे प्रभूचा वार.

'सेप्तिएम्ब्रे', 'ओक्तुब्रे', 'नोविएम्ब्रे', 'दिसिएम्ब्रे' या महिन्यांत सात, आठ, नऊ, दहा हे आकडे दडले आहेत. जुने रोमन वर्ष मार्चपासून, म्हणजे आपल्या चैत्राच्या सुमारास सुरू होई.

एक ध्यानात ठेवा. 'एनेरो' म्हणजे जानेवारी. तेव्हा आपल्याकडे थंडी, तर स्पॅनिश बोलणाऱ्या चिली देशात ऐन उन्हाळा. महिन्याच्या नावाबरोबर तिथला हंगामही विचारावा.

रात्री नातीने सातही वार न अडखळता म्हटले. वर्ग सोडायचे नावही काढले नाही. परभाषेला बिचकणारी मुले आपल्याही घरात असतील. त्यांना पंचांग घेऊन जवळ बसवा.