दोन पाटे जास्तीचे

आमच्या खानदेशात रावेर, सावदा, फैजपूर या पट्ट्यात केळीची तोड सुरू असली की पिकअप गाड्यांची रांग काही संपत नाही. नीट पाहा, त्यातल्या कितीतरी गाड्या रिकाम्या असताना मागून उंच आणि पुढून झुकलेल्या दिसतात. मागे जास्तीचे पाटे टाकलेले असतात ना! तरुण मंडळींची हौस आणखी वेगळी. गाडी उंच करायला एका कंपनीचे लिफ्ट किट घ्यायचे, शॉकअप दुसऱ्या कंपनीचे, आणि बसवणारा तिसराच.

मी मराठीचा मास्तर, यंत्रातले मला काय कळणार, असे कुणी म्हणेल. पण माझे बरेच विद्यार्थी याच धंद्यात आहेत. त्यांच्याकडून जे समजले ते असे. पाटा वजन पेलतो. शॉकअप वजन पेलत नाही, तो पाट्याची उसळी आवरतो. पाटा कडक केला आणि शॉकअप जुनाच ठेवला, तर रिकामी गाडी खड्ड्यावरून चेंडूसारखी उडते. गाडी उंच केली आणि शॉकअप तेवढ्याच लांबीचा राहिला, तर तो आधीच ताणलेला असतो. चाक खड्ड्यात गेले की त्याच्यावरच लोंबकळते. उलट जास्त लांब घेतला, तर गाडी दबल्यावर तो तळाला आपटतो. व्याकरणात संधी होते तेव्हा जवळ आलेले दोन्ही वर्ण बदलू शकतात, तसेच हे. एक भाग बदलला की शेजारच्याचा हिशेब बदलतो.

सर्वात धोक्याची गोष्ट ब्रेकची. पुष्कळ पिकअपना मागच्या बाजूला एक व्हॉल्व्ह असतो. गाडीचा सांगाडा धुऱ्यापासून किती उंच आहे, यावरून तो वजन ओळखतो आणि मागच्या चाकांना किती ब्रेक द्यायचा ते ठरवतो. पाटे वाढवले की भरलेली गाडीही उंचच राहते. व्हॉल्व्हला वाटते गाडी हलकी आहे, आणि मागचा ब्रेक कमी लागतो. म्हणजे गरज असते तेव्हाच!

"सर, दोन पाटे टाकले की गाडी बसत नाही," असे पोरे सांगतात. खरे आहे, बसत नाही. पण धुरा, टायर, बेअरिंग, ब्रेक हे सगळे कंपनीने दिले तेवढ्याच वजनाचे राहतात. गाडी बसणे ही एक सूचनाच असते. आपण ती सूचना तेवढी बंद करतो.

कायदाही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये तेच बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली.

पण नुसत्या चालकाला दोष देऊन मी मोकळा होणार नाही. त्याच्या डोक्यावर हप्ता असतो. माल एकाच खेपेत गेला पाहिजे, हा आग्रह भाडे देणाऱ्याचा असतो. आणि त्या मालावर माणसे बसतात. फेब्रुवारी 2021 मध्ये यावल तालुक्यात किनगावजवळ पपईचा ट्रक उलटला आणि रावेर तालुक्यातले पंधरा मजूर गेले. तिथे पाट्यांचा दोष होता असे मी म्हणत नाही. पण उंच गाडी, उंच माल आणि वर माणसे, हे गणित किती नाजूक असते ते त्या रात्री कळले.

म्हणून माझे मत सरळ आहे. शॉकअप बदलायचाच तर कंपनीने त्या गाडीसाठी दिलेल्या मापाचा घ्या, आणि पाट्यांना हात लावू नका. जास्त वजन न्यायचे असेल तर मोठी गाडी किंवा दोन खेपा. दुसऱ्या खेपेचे डिझेल ज्याचा माल आहे त्याने द्यावे. केळीचे पैसे मोजताना तेवढे मोजायला काय हरकत आहे?