तापातही झाडू का मारावा लागतो?

पालिकेच्या एकाच गाडीवर कचरा भरणाऱ्या दोघांना ताप आला, तर कायम कामगाराला वैद्यकीय दाखल्यावर पगारी रजा मिळते. कंत्राटी कामगाराचा खाडा पडतो आणि रोज बुडतो. म्हणून तो अंगात ताप घेऊनच हजेरी लावतो. वास्तविक कायद्यात याची सोय आहे. दरमहा 21 हजार रुपयांपर्यंत वेतन असलेल्या विमाधारकाला राज्य कामगार विमा योजनेतून वर्षाला 91 दिवसांपर्यंत 70 टक्के आजारभत्ता मिळतो. क्षयरोगासारख्या दीर्घ आजारात, पात्रता पूर्ण असल्यास, 80 टक्के आणि तोही दोन वर्षांपर्यंत. मात्र साध्या आजारभत्त्यासाठी आधीच्या संबंधित सहामाहीत किमान 78 दिवसांची वर्गणी जमा असावी लागते. ठेकेदाराने पैसे कापून भरलेच नाहीत किंवा ठेका बदलताना नोंदणी रखडली, की हा हक्क कागदावरच राहतो. सर्वांत मोठी गळती इथेच आहे.

भत्ता दिला तर खोट्या दाखल्यांचे पेव फुटेल, असा आक्षेप घेतला जातो. पण दाखला विमा दवाखान्यातून घ्यावा लागतो, पहिल्या दोन दिवसांचा भत्ता सहसा मिळत नाही आणि साध्या आजारात पूर्ण वेतन तर नाहीच. तिजोरीत खडखडाट असल्याची सबबही टिकत नाही. मालकाचा वाटा वेतनाच्या अवघा सव्वातीन टक्के आहे. ठेकेदार चुकला तरी मूळ मालक म्हणून जबाबदारी पालिकेवरच येते. तेव्हा प्रत्येक कामगाराच्या नावावर वर्गणी जमा झाल्याची खात्री केल्याखेरीज कोणत्याही पालिकेने ठेकेदाराचे बिल काढू नये.