कार्यकारिणी बदलते, अनुभव कुठे जातो?



वार्षिक सभा जवळ आली की बहुतेक मंडळांत एकच प्रश्न असतो: "यंदा अध्यक्ष कोण?" आणि सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात! लुडविग्सहाफेनसारख्या गावात हे जास्तच जाणवते. बीएएसएफमधल्या किंवा नदीपलीकडे मानहाइममधल्या नोकरीसाठी आलेली कित्येक कुटुंबे काम संपले की दुसरीकडे जातात. त्यांच्याबरोबर कुठला हॉल परवडतो, हिशेब कसा ठेवायचा, ही माहितीही जाते.

जर्मनीत ही माहिती असावीच लागते. नोंदणीकृत 'फेराइन' सुरू करायला किमान ७ सभासद हवेत. पदाधिकारी बदलले की सही प्रमाणित करून न्यायालयाच्या नोंदवहीत बदल कळवावा लागतो. करसवलत असेल तर फिनान्झआम्ट साधारणपणे दर ३ वर्षांनी कागदपत्रे तपासते. गणपतीत गाणी वाजवायची तर 'गेमा'चे शुल्क आहेच. यातले काहीच फार अवघड नाही. पण नव्या माणसाला कोणी सांगितले नाही तर तो धास्तावतो आणि पुढच्या वर्षी नाव देत नाही. मग त्याच तीन-चार घरांवर सगळा भार येतो.

ही अडचण फक्त परदेशातल्या मंडळांची नाही. मुंबईतल्या 'कोरो' या संस्थेने तिच्यावर एक चांगली वाट शोधली. १९८९ मध्ये वस्त्यांमधल्या साक्षरतेच्या कामातून ही संस्था उभी राहिली. पुढे वस्तीतल्याच कार्यकर्त्या तिचे नेतृत्व करू लागल्या. नंतर संस्थेने महाराष्ट्रातल्या छोट्या संस्थांच्या कार्यकर्त्यांसाठी फेलोशिप सुरू केली. आपापल्या गावात राहून एका प्रश्नावर काम करायचे आणि ठरावीक काळाने एकत्र बसून एकमेकांकडून शिकायचे, अशी तिची रीत. २०११ मध्ये अनेक संस्थांच्या कार्यकर्त्यांनी मिळून मुंबईत 'राइट टू पी' मोहीम सुरू केली. पुरुषांना मुतारी फुकट, मग बायकांनी पैसे का द्यायचे, हा त्यांचा साधा प्रश्न होता. त्याला बळ आले ते एकत्र येण्यामुळे.

आपले काम वेगळे, शनिवार-रविवारचे. तरी त्यातून दोन गोष्टी घेता येतील. पहिली, प्रत्येक पदाबरोबर एक 'उप' नेमावा आणि त्याने वर्षभर सोबत काम करावे. दुसरी, आसपासच्या मंडळांच्या खजिनदारांनी आणि सचिवांनी वर्षातून दोनदा एकत्र बसावे. मानहाइम दुसऱ्या राज्यात, म्हणून फिनान्झआम्ट वेगळे. पण संस्थांचा कायदा देशभर एकच. शिवाय २०२३ पासून कायद्यानेच सर्वसाधारण सभेला घरून संगणकावर हजर राहण्याची सोय करता येते. लहान मुले असलेल्या आयांना हे सोयीचे आहे.

"आपल्या घरच्या गोष्टी बाहेर कशाला?" असे कोणी म्हणेल. भांडणे सांगायची नाहीतच. हिशेबाची वही आणि कामांची यादी दाखवायची आहे, इतकेच.

इथे वाढलेल्या आपल्या मुलांना जर्मन पत्रव्यवहार आपल्यापेक्षा चांगला जमतो. पण मंडळ म्हणजे आईबाबांची दमछाक, एवढेच त्यांनी पाहिले तर ती पुढे येतील कशाला? त्यांना आत्ताच 'उप' म्हणून सोबत घेऊ या. येत्या सभेत यावर जरूर बोला.