दोरीच्या टोकाचे वासरू

कॅनडातील कॅल्गरी येथे १९१२ साली प्रथम भरलेला रोडिओ आजही दर जुलैत भरतो. समजा, तुम्ही तेथे प्रेक्षक आहात. घोडेस्वार पळत्या वासराच्या गळ्यात फास टाकतो, दोरी ताणली जाते, टाळ्या पडतात. टाळी वाजवण्यापूर्वी एक साधे गणित करा. वासरू १०० किलोग्रॅमचे, वेग सेकंदाला ८ मीटर आणि ते ०.२ सेकंदात थांबले असे धरू. संवेगातील बदलाला वेळेने भागा. सरासरी बल येते ४,००० न्यूटन, म्हणजे वासराच्या वजनाच्या सुमारे चौपट. आणि तेही मानेवर!

गुराख्याचे कौशल्य खरेच. कुरणावर आजारी वासराला औषध देण्यासाठी पकडावेच लागते. पण तेथे घाई नसते. रिंगणात घड्याळ चालू असते. थांबण्याचा वेळ निम्मा झाला, की बल दुप्पट होते.

क्लोव्हरडेल येथील रोडिओने २००७ मध्ये एका वासराच्या मृत्यूनंतर हा खेळ वगळला. रोडिओ पुढेही भरत राहिला. म्हणजे करमणुकीला हा हिसका अटळ नव्हता. आपल्याकडील बैलगाडा शर्यत पाहतानाही विचारा: हा ताण जनावराच्या भल्यासाठी, की आपल्या टाळीसाठी? उत्तर दुसरे असेल, तर माझ्या मते टाळी वाजवू नये.